झाडपाल्यानं काय होतंय!

डॉक्टरांनी मला बीपीची गोळी लिहून दिली, आणि घरातलं वातावरण त्या गोळीपेक्षा तिच्या खोक्यातल्या कागदानंच जास्त ढवळून निघालं. घडी असते तेव्हा तो कागद बोटाच्या पेराएवढा दिसतो. उलगडला की डायनिंग टेबलावर मावत नाही, आणि एकदा उलगडल्यावर पुन्हा त्या खोक्यात जात नाही. आमच्या हिनं तो भिंग घेऊन वाचायला घेतला. मोठ्यानं.

"चक्कर येऊ शकते. पायांवर सूज येऊ शकते. कोरडा खोकला येऊ शकतो. क्वचित ओठ सुजतात." एवढं वाचून तिनं भिंग माझ्या तोंडावर धरलं. "तुमचे ओठ आधीपासूनच असे आहेत का हो?"

मी लग्नातला अल्बम काढून दाखवला, तेव्हा कुठे गोळी घ्यायची परवानगी मिळाली. तीही रोज अर्धीच, "अंगवळणी पडेपर्यंत".

त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे बापूकाका वर आले. सोसायटीत कुणाला काय झालंय हे बापूकाकांना पॅथॉलॉजी लॅबच्या आधी कळतं. त्यांच्या हातात एक बाटली होती. ती पूर्वाश्रमी फिनेलची असावी असा मला दाट संशय आहे. आत हिरवं, जाडसर, तळाशी गाळ बसलेलं असं काहीतरी होतं. बाटलीवर लेबल नव्हतं, नाव नव्हतं, तारीख नव्हती. झाकणही दुसऱ्याच बाटलीचं होतं.

"यात काय आहे, बापूकाका?"

"वनस्पती."

"कुठली?"

"अरे, नैसर्गिक!"

"आणि किती घ्यायचं?"

"घे की! वाटीभर घे, पेलाभर घे. झाडपाला तो. त्यानं काय होतंय?"

आणि जिनं तासाभरापूर्वी माझे ओठ भिंगाखाली तपासले होते, तिनं ती बाटली दोन्ही हातांनी घेतली, देवाजवळ ठेवली आणि पेला विसळायला घेतला. भिंग कपाटात गेलं.

'त्यानं काय होतंय' हे महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं वैद्यकीय विद्यापीठ आहे. प्रवेशपरीक्षा नाही, देणगी नाही, आणि प्रत्येक घरात निदान एक पदवीधर. इंग्रजी औषध 'गरम पडतं' हा इथला पहिला धडा. म्हणून पाच दिवसांच्या अँटिबायोटिकवर ताक, कोकम, सब्जा, गुलकंद आणि नारळपाणी असा बंदोबस्त ठेवतात. मात्र मिरी, सुंठ, दालचिनी, लवंग आणि आलं एकत्र उकळून तयार झालेला काढा गरम पडत नाही. तो 'बाधत नाही'. का बाधत नाही असं विचारलंत तर नापास.

दुसरा धडा चवीचा. जितकं कडू तितकं लागू. बापूकाकांच्या बाटलीतला पहिला घोट घेतला तेव्हा माझे कान बंद झाले. "कडू आहे," एवढंच मी म्हणू शकलो. "म्हणजे उतरतंय," बापूकाका समाधानानं म्हणाले. काय उतरतंय ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते मला सकाळी फिरायला नेऊ लागले. आमच्या डोंबिवलीतल्या बागेच्या फाटकाबाहेर पहाटे साडेपाचला रसाची गाडी लागते. कारलं, दुधी, आवळा, गव्हांकुर, कडुलिंब, बीट, कोरफड. तिथे रसाला रसाच्या नावानं कुणी ओळखत नाही. गाडीवाल्यानं प्रत्येक रस रोगाच्या नावावर लावून टाकलेला आहे. त्यामुळे तिथल्या ऑर्डरी ऐकून नवख्या माणसाचं काळीज हलतं.

"दोन शुगर, एक किडनी!"

"मावशींचं पित्त झालं का?"

"माझा गुडघा पार्सल दे रे. मिसेसचा घरीच आहे."

माझी पाळी आली. गाडीवाल्यानं नखशिखांत पाहिलं. "साहेबांचं काय?"

"बीपी," बापूकाका माझ्या वतीनं म्हणाले.

त्यानं पेला भरला, वर लिंबू पिळलं आणि डबीत चमचा घालून विचारलं, "बीपीत मीठ चालेल ना?"

"भरपूर घाल," बापूकाका म्हणाले. "नुसतं जात नाही ते."

बापूकाका स्वतः दुधी-कारलं मिक्स घेतात. आता दुधी ही भाजी म्हणून अत्यंत सज्जन. आजारी माणसाला, म्हाताऱ्याला, बाळंतिणीला निःशंकपणे द्यावी अशी. पण हाच दुधी कधीकधी कडू निघतो, आणि कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं. २०१० साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ दुधी-कारल्याचा रस पिऊन दगावले. शास्त्रज्ञ, बरं का. आपल्यासारखे आलतूफालतू नव्हेत. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली. समितीनं सांगितलं की दुधीचा तुकडा आधी चाखून पाहा, कडू लागला तर फेकून द्या, आणि दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका. कारल्यात मिसळला की कोण कुणामुळे कडू आहे हे जिभेला कसं कळणार?

मी हे सगळं गाडीसमोर उभं राहून सांगितलं. रांगेत क्षणभर शांतता पसरली. मग एक आजोबा म्हणाले, "त्यांचा दुधी बाजारातला असेल." दुसरे म्हणाले, "उभ्यानं प्यायले असतील. रस बसून प्यायचा असतो." बापूकाकांनी पेला तोंडाला लावला, डोळे मिटले, सगळा चेहरा एका ठिकाणी गोळा केला आणि म्हणाले, "वा! आज अगदी कडूजहर आहे!" आणि दुसरा पेला मागितला.

या विद्यापीठाचा सुवर्णकाळ म्हणजे २०२०. त्या वर्षी आयुष मंत्रालयानं काढ्याची कृती जाहीर केली होती. तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ, मनुका. दिवसातून एकदा किंवा दोनदा. सरकारी सूचना, त्यामुळे भाषा बेताची आणि प्रमाणही बेताचं. पण सरकार एकदा म्हणालं तर आपण चारदा करायचं, ही देशभक्ती फक्त त्याच वर्षी पाहायला मिळाली. आमच्या जिन्यात सकाळी फोडणीऐवजी काढ्याचा वास यायचा. थर्मास भरभरून काढा प्यायले लोक. मग सगळ्या सोसायटीची छाती जळू लागली. तेव्हा बापूकाकांनी जळजळीवर वेगळा काढा काढला. तो पिऊन पोट बिघडलं. त्याच्यावर तिसरा. विषाणू आमच्या सोसायटीत शिरायला बहुधा जागाच उरली नव्हती.

गुळवेलीचं प्रकरण याच काळातलं. मागच्या बाजूला कडुलिंबावर चढलेली गुळवेल होती. वीस वर्षं तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. एका रात्रीत तिला सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा जास्त भाव आला. मीटिंगमध्ये ठराव झाला, की दर फ्लॅटमागे वीतभर कांडी, भाडेकरूंना अर्धी. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी रात्री बॅटरी लावून जादा कांडी तोडली म्हणून त्यांना नोटीस गेली. दोनेक महिन्यांत वेल दिसेनाशी झाली, तरी प्रत्येकाला कांडी मिळत होती. हे कसं, याचा विचार गुळवेल पिणाऱ्या माणसानं करायचा नसतो.

मग पुढच्या वर्षी बातमी आली. मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीगत वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, गुळवेलीसारखीच दिसणारी तिच्या जातीची दुसरी वेल असते, ती पोटात गेली असेल. वनस्पतीची नीट ओळख न पटवता गुळवेलीला नाव ठेवू नका. त्यानंतर आणखी शहरांतल्या डॉक्टरांनी आणखी रुग्ण नोंदवले. वाद बराच चालला. आमच्या कट्ट्यावर मात्र त्याचा निकाल पाच मिनिटांत लागला.

"बघ! ती गुळवेल नव्हतीच!" बापूकाकांनी पेपर आपटला.

"मग आपण जी प्यायलो ती?"

"ती गुळवेलच."

"कशावरून?"

"आपल्या कंपाउंडमधली होती ना!"

इतका वेळ झाडू मारत असलेले माळीबुवा तेव्हा थांबले. "खरी वेल पैल्या म्हैन्यातच संपली व्हती," ते म्हणाले. "नंतर तुमी नेत व्हता ती मागल्या गटाराकडची. मी म्हनलं, नेतायत तर नेऊ द्या. भिंत तरी साफ व्हतीय."

त्या रात्री बऱ्याच घरांत यकृत नेमकं कुठल्या बाजूला असतं याची चौकशी झाली. सकाळी सगळे उठले, म्हणजे ती वेलही गुणकारीच असणार असं ठरलं.

गुण आणि दोष वाटून द्यायची आपली पद्धत मला फार आवडते. डेंगीच्या दिवसांत आमच्याकडच्या पपईच्या झाडाला शेंड्यापर्यंत पान राहत नाही. ताप उतरून संकटाचे एकदोन दिवस पार पडले की डेंगीच्या बहुतेक रुग्णांच्या प्लेटलेट्स आपापल्या वाढू लागतात. नेमका तोवर पपईच्या पानांचा रस पोहोचलेला असतो. प्लेटलेट्स वाढल्या की पपई. रुग्णाला दवाखान्यात दाखल करावं लागलं की "पान कोवळं होतं". सलाइन, नर्सची जाग, दर काही तासांनी होणारी रक्ततपासणी या सगळ्यांचं बिल भरताना आपण कण्हतो, आणि पपईच्या मालकाला पेढे देतो.

एकदा मी बापूकाकांना खूश करायला म्हणून डॉ. रुस्तम जाल वकील यांची गोष्ट सांगितली. मुंबईचे हृदयविकारतज्ज्ञ. आपल्याकडची सर्पगंधा उच्च रक्तदाबावर चालते हे त्यांनी रुग्णांवर पाहिलं आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापलं. तेव्हापासून साऱ्या जगानं सर्पगंधेची दखल घेतली. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि त्याच्या गोळ्या जगभर खपल्या.

बापूकाका खुर्चीत सरळ झाले. "हे बघ! हे म्हणतो मी! सगळी औषधं आपल्या झाडपाल्यातूनच चोरलीत यांनी. अडुळसा?"

"अडुळशातल्या एका द्रव्यावरूनच खोकल्याचं ब्रोमहेक्झिन बेतलंय."

"अफू?"

"मॉर्फिन."

"मग? शेवटी निसर्गच ना!"

"पण काका, रेसर्पिनच्या गोष्टीत पुढे आणखी आहे. त्यानं काहींचं नाक चोंदायचं, काहींना उदासी यायची. त्यामुळे डॉक्टर जपून द्यायला लागले."

बापूकाका एक क्षणही अडखळले नाहीत. "ते त्यांनी त्याची गोळी केली म्हणून!"

या उत्तरासमोर विज्ञानाचं काही चालत नाही. बरं करणारं ते मूळ, बाधणारी ती गोळी. झाडातलं जे द्रव्य रक्तदाब खाली आणण्याइतकं ताकदवान आहे, त्याला कुणाचं काही बिघडवायची ताकद मात्र नसते. ते फक्त चांगल्या कामासाठी अंगात शिरतं, काम आटोपतं आणि चहा न घेता निघून जातं. असा पाहुणा मी तरी आमच्या घरात पाहिलेला नाही.

परदेशी गेलेल्यांचं आणखी वेगळं. माझा भाचा बॉस्टनला असतो. त्याच्या आईची बॅग इथून निघते तेव्हा त्यात कपडे कमी आणि चूर्णं जास्त असतात. प्रत्येक पुडीवर तिनं बॉलपेननं 'सकाळ', 'रात्र' आणि 'पोट' असं लिहिलेलं. तिकडच्या कस्टमवाल्याला पांढऱ्या पुड्यांवरचं 'पोट' समजावून सांगताना तिचं स्वतःचं बिघडलं होतं. त्या भाच्यानं मला फोनवर सांगितलं, की २००३ साली त्यांच्या बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतून आयुर्वेदिक औषधं विकत घेऊन तपासली होती. ७० औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. हे अमेरिकी वैद्यक संघटनेच्या 'जामा' या नियतकालिकात छापून आलेलं आहे.

मी हे बापूकाकांना सांगितलं.

"बरं," ते म्हणाले, "उरलेल्या ५६ चं कौतुक कुणी छापलं का?"

मी गप्प बसलो. खोटं तर ते बोलत नव्हते.

हल्ली तर 'हर्बल' हा शिक्का बसला की वस्तूचं सोवळं झालंच. हर्बल शांपू, हर्बल साबण, हर्बल केशकलप. आमच्या कोपऱ्यावर हर्बल हुक्का मिळायचा. घाटात गाडी थांबवली की रस्त्याकडेच्या तंबूत स्पीकरवर हिमालय गर्जत असतो, आणि ज्या माणसानं बायकोला मेडिकलच्या दुकानातून खोकल्याचं औषध आणताना एक्स्पायरी तीनदा बघायला लावलेली असते, तो तिथे इकडेतिकडे पाहत कसली तरी मुळी विकत घेतो. तिची एक्स्पायरी विचारायची म्हणजे आधी तो आजार सांगायला लागणार. नकोच ते.

असो. मूळ मुद्दा बापूकाकांच्या बीपीचा. हो, त्यांनाही आहे. माझ्या आधीपासून. ते गोळी घेतात, पण "जोडीला म्हणून". मुख्य उपचार निसर्गाचा. आणि त्यांचं बीपी काही केल्या खाली येईना. काकूंनी मला गळ घातली म्हणून मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा बांधला, पुन्हा पाहिला.

"गोळी रोज घेता ना?"

"एक दिवस चुकत नाही."

"आणखी काही औषधं चालू आहेत?"

"छे!" बापूकाका दुखावल्यासारखे म्हणाले. "औषधांच्या मी विरुद्ध आहे."

काकूंनी घसा खाकरला. "सकाळचा काढा."

"ते औषध आहे का? तो काढा आहे."

"मग कोरफडीचा गर."

"ते खाणं."

"आवळ्याचा रस, मेथ्यांचं पाणी, रात्रीचं चूर्ण, लसणाच्या कॅप्सूल."

"कॅप्सूल नावालाच. आत लसूणच आहे."

"आणि दिवसभर तोंडात ती ज्येष्ठमधाची काडी."

"ती गळ्यासाठी!" बापूकाका उसळले. "भजनी मंडळात वरचा षड्ज मीच लावतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ज्येष्ठमध किती दिवस घेताय?"

"दिवस? अहो, देवळाला पत्रे होते तेव्हापासून!"

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ज्येष्ठमध थोडं, चार दिवस, घशाला, ठीक आहे. पण रोज आणि भरपूर पोटात जात राहिलं तर त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब चढतो. "म्हणजे काका," ते म्हणाले, "मी गोळीनं तुमचं बीपी खाली ओढतोय आणि तुम्ही काडीनं वर."

बापूकाकांनी थोडा विचार केला.

"मग तुम्ही गोळीचा डोस वाढवा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे पाहिलं. निघताना डॉक्टरांनी लसणाच्या कॅप्सूलबद्दलही सांगून ठेवलं, की कधी ऑपरेशनची वेळ आली तर त्या घेतो हे आधी नक्की सांगा, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. "ऑपरेशन कशाला होईल?" बापूकाका म्हणाले. "लसूण घेतोय ना!"

बाहेर येताच त्यांनी जाहीर केलं, की हा डॉक्टर ॲलोपथीचा, त्याला ज्येष्ठमध काय कळणार. आपल्या माणसाकडे जाऊ. म्हणून आम्ही वैद्यबाईंकडे गेलो. तरुण मुलगी, आयुर्वेदाची एमडी, बापूकाकांच्या जुन्या सहकाऱ्याची नात. ते तिला "अगं" म्हणतात. तिच्या टेबलावर सहाण होती. ती पाहून बापूकाकांना माहेरी आल्यासारखं झालं.

"बघितलंस?" ते मला म्हणाले. "आमच्या आजीकडे अशीच होती. वेखंड, बाळहिरडा, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड... सगळं उगाळून पाजायची आम्हाला. काही झालं का?"

"किती उगाळायच्या, काका?" वैद्यबाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"वळसे किती द्यायच्या?"

बापूकाकांना आठवलं. आजी वळसे मोजायची. तान्ह्या बाळाला एकेक, मूल वाढेल तसा एखादा जास्त. जायफळ तर जेमतेम टेकवायची; पोर गुंगून पडेल म्हणून. बिब्ब्याला सुईच्या टोकाशिवाय हात लावायची नाही, आणि पोरांनी लावला तर पाठीत धपाटा. एवढं आठवल्यावर बापूकाका जरा मंदावले. त्या नऊवारीतल्या बाईला मात्रा माहीत होती. वाटीभर घे, पेलाभर घे, असं ती कधीच म्हणाली नव्हती.

वैद्यबाईंनी मग मोठा कागद पुढे ओढला. झोप कशी, भूक कशी, पोट साफ होतं का, कधी, कसं, रात्री काय जेवता, किती वाजता, राग येतो का. "येतो!" बापूकाका रागानं म्हणाले. अर्धा तास चौकशी चालली. त्यांनी बापूकाकांची सगळी चूर्णं, काढे, रस, काड्या एका रेघेत लिहिल्या आणि सगळ्यांवर एक आडवी रेघ मारली.

"हे सगळं बंद. ज्येष्ठमध तर आजपासूनच. डॉक्टरांची गोळी चालू ठेवा, आणि मी काय देते ते त्यांना सांगून घ्या. रात्री दही नको. लोणचं, पापड नको. तळलेलं नको. दुपारची झोप बंद."

"दुपारची झोप?"

"बंद."

मी बापूकाकांना घाटातला तंबूवाला, रसाची गाडी, गटाराकडची वेल या सगळ्यांसमोर ताठ उभं राहिलेलं पाहिलं आहे. त्या क्षणी मात्र ते खचले. आता इतक्या वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की आपल्याला आयुर्वेद हवा असतो, फक्त वैद्य नको असतो. वैद्य आला की पथ्य येतं. बापूकाकांच्या बाटलीला पथ्य नाही.

जिना उतरताना ते म्हणाले, "हिला आयुर्वेद कळत नाही."

पण त्याआधी एक गोष्ट घडली ती सांगायची राहिली. वैद्यबाईंनी काकूंच्या पिशवीतून सांधेदुखीच्या गोळ्यांची एक बाटली काढली. ही बापूकाकांना कुणीतरी दिलेली, त्यांनी काकूंना दिलेली, आणि काकू मला देणार होत्या. त्यात कुचला होता. वैद्यबाई म्हणाल्या, की औषधाच्या कायद्यातच आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची एक यादी आहे, अनुसूची ई-१. त्यात बचनाग आहे, कुचला आहे, गुंज, बिब्बा, कण्हेर, अफू, धोतरा आहे.

"धोतरा?" बापूकाका म्हणाले. "तो तर आम्ही शंकराला वाहतो!"

"वाहा की. प्यायचा नाही."

"अगं, पण ही तर आपली जुनी विद्या..."

"जुनी आहे म्हणूनच, काका. चरकांनी केव्हाच सांगून ठेवलंय, की युक्तीनं दिलं तर विषाचंही औषध होतं, आणि भलतंच दिलं तर औषधाचंही विष. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात हे. यादीतलं यांपैकी काही पोटात घ्यायच्या औषधात असलं की बाटलीवर छापावंच लागतं, वैद्यकीय देखरेखीखाली घ्या म्हणून. हे बघा, इथे लिहिलंय."

बापूकाकांनी बाटली हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. मी वाचून दाखवलं. सूचना होती. एकदा इंग्रजीत, एकदा हिंदीत. नियमच तसा आहे.

"मराठीत आहे का?" बापूकाकांनी विचारलं.

"नाही."

"मग!" त्यांचा चेहरा उजळला. "आपल्याला लागू नाही ती!" आणि बाटली पिशवीत गेली.

तेव्हा संबंधित खात्याला या लेखाद्वारे नम्र विनंती आहे, की ती सूचना मराठीतही छापण्यात यावी. छापताना अक्षर चांगलं ठसठशीत घ्यावं. त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुवायला लागल्यापासून बापूकाकांनी चष्मा सोडून दिलाय, आणि स्कूटर अजून तेच चालवतात.